ईदच्या दुसऱ्या दिवशीचा पिक्चर

ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरात एक भांडण ठरलेले असते. पाहुणे जातात, शीरखुर्म्याची पातेली घासून पालथी पडतात, दुपारची झोप होते आणि मग टीव्हीपुढे चटई अंथरली की प्रश्न निघतो, पिक्चर कोणता लावायचा? माणसे अकरा, टीव्ही एक. अम्मीला पिक्चरच नको असतो. आमच्या बेगमना रडवणारा हवा असतो, पोरांना मारामारीचा. आणि आम्हाला, वाचकहो, तुम्ही ओळखलेच असेल, 'शोले' हवा असतो.

यंदा भांडणात एक नवीन शब्द आला. आपाची मुलगी, म्हणजे आमची भाची, बी.एस्सी. होऊन घरी बसली आहे. ती म्हणाली, "मामू, शोले मेनस्ट्रीम आहे. काहीतरी कल्ट बघू या."

कल्ट म्हणजे काय ते आम्ही विचारले. तिने समजावले ते असे : जो पिक्चर आला तेव्हा फारसा चालला नाही, पण ज्याला पाहणारे नंतर भेटले आणि मग त्यांनी त्याला सोडले नाही, तो कल्ट. आम्ही म्हटले, ही व्याख्या असेल तर आम्ही या विषयातले जुने खेळाडू आहोत. आमच्या लहानपणी कोकणात थिएटर म्हणजे तालुक्याच्या गावी एखादे. चाचा कुवेतहून व्हीसीआर घेऊन आले आणि आमची पडवी हेच मोहल्ल्याचे थिएटर झाले. कॅसेट येई ती भाड्याने, एका रात्रीपुरती. जी मिळे ती पाहायची. पडलेले पिक्चर स्वस्तात मिळत, त्यामुळे पडलेलेच जास्त पाहिले.

'जाने भी दो यारों' आम्ही असाच पाहिला. कुंदन शाह यांचा 1983 चा पिक्चर, सरकारी महामंडळाच्या थोड्याशा पैशात काढलेला. दोन गरीब फोटोग्राफर, एक बिल्डर, एक कमिशनर, एक कोसळलेला पूल आणि एक प्रेत. ते प्रेत महाभारताच्या नाटकात घुसते तेव्हा आमची पडवी अशी हसली की शेजारचे दिवा लावून बाहेर आले. शेवटी मात्र ते दोघेच निरपराध तुरुंगाच्या कपड्यांत दिसतात आणि हसणे घशात अडकते. आपल्या मराठी रंगभूमीच्या भक्ती बर्वे यांनी त्यात संपादिकेचे काम केले आहे, वरून गोड आणि आतून पक्की हिशेबी. इतका विनोदी आणि इतका कडू पिक्चर हिंदीत पुन्हा झाला नाही, असे आमचे मत आहे.

"त्याचं एडिटिंग रेणू सलुजांनी केलंय," भाची म्हणाली. "पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकल्या होत्या त्या. 'परिंदा'पण त्यांचाच."

आपाने आमच्याकडे पाहिले. आम्ही चहाच्या कपात पाहिले. कारण प्रकरण असे आहे की भाचीला त्याच इन्स्टिट्यूटमध्ये एडिटिंग शिकायचे आहे. दुल्हाभाई कुवेतला असतात. त्यांनी फोनवर एकाच शब्दात नकार दिला आहे. आणि आपाने आम्हाला महिनाभर आधीच सांगून ठेवले आहे, "तू पिक्चरवाला, तुझंच ऐकेल ती. ईदला समजाव तिला."

समजावण्याचे काम आम्ही पुढे ढकलत होतो आणि पिक्चरच्या गप्पा वाढवत होतो. भाचीही वाढवत होती. तिने यादीच काढली.

विनोदी पिक्चरवर आमचे फारसे भांडण झाले नाही. 'अंदाज अपना अपना' 1994 मध्ये आला तेव्हा कोणी विचारले नाही, आज पोरांना तो तोंडपाठ आहे. आमच्या मते त्याचा शेवटचा अर्धा तास लांबला आहे. मराठीत 'अशी ही बनवाबनवी' आला तेव्हाही चालला आणि आजही चालतो. त्याला कल्ट म्हणायचे की मेनस्ट्रीम, हे भाचीला सांगता आले नाही. आमच्या मते ज्या घरात तो लागला की भाकऱ्या थापणारी बाईसुद्धा दारात येऊन उभी राहते, त्या घराला या शब्दाची गरज नाही.

भुताच्या पिक्चरांत आम्ही हरलो. आम्ही रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'वर वाढलेले, भूत म्हणजे दाढीमिशा, दात आणि धूर. भाचीने 'तुंबाड'चे नाव काढले. हे गाव आपल्या खेड तालुक्यातले, श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीमुळे मराठी वाचकाला ओळखीचे. 2018 चा हा पिक्चर तेव्हा बेताचाच चालला. 2024 मध्ये पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला. त्यातला पाऊस आम्हाला पटला. कोकणातल्या जुन्या वाड्यात सलग पाच दिवस पाऊस लागला की भिंतीतून जो ओलसर वास येतो, तो पडद्यावरून येतो. आणि भीती भुताची नाही, हव्यासाची आहे, जो बापाकडून मुलाच्या अंगात उतरतो. आम्ही मान्य केले, हा रामसेंच्या चार पायऱ्या वर आहे.

ऐतिहासिक म्हटले की मात्र आम्ही 'मुग़ल-ए-आज़म'च्या खाली उतरत नाही. 1960 मध्ये मुंबईच्या मराठा मंदिरला लागला. के. आसिफ यांनी तो करायला वर्षानुवर्षे घालवली आणि ती दिसतात. अकबराच्या दरबारात जोधाबाई झाल्या आहेत आपल्या दुर्गा खोटे. नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये उभी असलेली आई त्यांनी जशी केली, तशी प्रत्येक घरात एक असते. 2004 मध्ये सगळा पिक्चर रंगीत करून पुन्हा लावला. आम्हाला काळापांढराच बरा वाटतो, म्हणजे शीशमहलचे गाणे मूळचेच रंगीत होते, ते डोळ्यांवर उजेडासारखे येते.

"सगळे राजे आणि नवाब," भाची म्हणाली. "मामू, आपल्यासारखी माणसं कुठे आहेत पिक्चरमध्ये?"

इथे गंमत संपली. कारण हा प्रश्न आम्हालाही पडतो, फक्त आम्ही तो मोठ्याने विचारत नाही.

'चौदहवीं का चाँद', 'मेरे महबूब' हे पिक्चर आम्ही जीव लावून पाहिले. लखनौची हवेली, शेरवानी, चिलमन, शायरी. पण आमच्या घरात शेरवानी एकच होती, तीही अब्बांच्या लग्नाची. अब्बा बोटीवर खलाशी होते. सुके बोंबील वाळत घालणारे, गल्फमधून मनीऑर्डर कधी येईल म्हणून पोस्टमनची वाट पाहणारे घर त्या पिक्चरांत नव्हते. मग मारामारीच्या पिक्चरांचे दिवस आले आणि आमच्या नावाचा माणूस एकतर नायकाचा जीव देणारा दोस्त झाला, नाहीतर पुढे बॉम्ब ठेवणारा.

'शोले'चेच घ्या. 1975 चा हा पिक्चर मुंबईच्या मिनर्व्हाला पाच वर्षे चालला. आम्ही तो किती वेळा पाहिला ते सांगत नाही, बेगम हा अंक वाचतात. त्यातल्या आंधळ्या रहीमचाचांच्या मुलाचे प्रेत घोड्यावरून गावात येते. सगळे गाव डगमगलेले असते आणि ज्याचा मुलगा गेला तो म्हाताराच गावाला धीर देतो आणि नमाजला निघतो. ए. के. हंगल यांनी ते असे केले आहे की दर वेळी आमचा गळा भरून येतो. पण भाचीने विचारले, "गावाला हिंमत यावी म्हणून मरायला नेमका अहमदच का लागतो?" आम्हाला उत्तर आले नाही. इतक्या वेळा पाहून हा प्रश्न आम्हाला पडला नव्हता.

मग आम्ही आमच्या बाजूने दोन नावे ठेवली. एक 'इक्बाल', 2005 चा. खेड्यातला मुका-बहिरा मुलगा, त्याला फास्ट बोलर व्हायचे आहे, बापाला वाटते त्याने शेती करावी आणि बहीण त्याची जीभ आणि कान होते. तो मुसलमान आहे, एवढेच. त्यावरून पिक्चरमध्ये काही घडत नाही. दुसरा 'सैराट'. 2016 मध्ये सगळा महाराष्ट्र त्यावर नाचला. त्यातला सल्या हा परश्याचा दोस्त. विहिरीत उड्या मारतो, चिठ्ठ्या पोचवतो, दोस्तीपायी मार खातो. भाषा त्याची तीच, जी इतरांची. त्याला कोणी शेर म्हणायला लावलेले नाहीत. भाची म्हणाली, "बघा, आणि हा तर मेनस्ट्रीम आहे." तेव्हा आमच्या लक्षात आले की कल्ट आणि मेनस्ट्रीम हे भांडण आमचे नव्हतेच. माणूस खरा आहे की पुतळा, एवढेच आम्ही दोघे शोधत होतो.

शेवटी पिक्चर लागला तो तिच्या पसंतीचा, 'गर्म हवा'. एम. एस. सथ्यू यांचा, इस्मत चुगताई यांच्या कथेवरून. दंगे होतील या भीतीने सेन्सॉरने तो काही महिने अडवून ठेवला होता. आग्र्याचे सलीम मिर्झा, बुटांचा कारखाना. फाळणीनंतर एकेक नातेवाईक पाकिस्तानला जातो, बँक कर्ज देत नाही, हवेली जाते. बलराज साहनी यांनी सलीम मिर्झा केले आणि डबिंग संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते वारले. हे काम पडद्यावर त्यांनी पाहिले नाही.

पोरे पहिल्या वीस मिनिटांत उठून अंगणात गेली. आम्हीही मधे दोनदा घड्याळ पाहिले, खोटे का बोला. पण अम्मी, जिला पिक्चर नको असतो, ती तसबीह हातात धरून बसून राहिली. हवेली सोडायची वेळ येते तेव्हा सलीम मिर्झांची म्हातारी आई लपून बसते, तिला उचलून न्यावे लागते. नंतर ती मरायला टेकते तेव्हा तिला एकदा त्या जुन्या घरी आणतात. अम्मीचा सख्खा भाऊ कराचीला गेला तो परत आला नाही. ती त्याबद्दल कधी बोलत नाही. त्या दिवशीही बोलली नाही. फक्त विचारले, "ही म्हातारी कोण? नटी वाटत नाही."

भाचीने सांगितले, "नटी नव्हतीच, नानी. आग्र्यातच सापडली त्यांना. लहान वयात नटी व्हायला मुंबईला गेली होती. धड काम कोणी दिलं नाही. परत आली आणि पुढे हाल झाले तिचे. म्हातारपणी हा पिक्चर मिळाला."

अम्मी बराच वेळ गप्प होती. मग आपाकडे वळून म्हणाली, "ती काही न शिकता गेली होती. ही शिकायला जाते म्हणते. शिकून गेलेली मुलगी कुणाच्या दारात उभी राहत नाही."

आपा म्हणाली, "अम्मी, यांचे अब्बा ऐकणार नाहीत."

"त्याला मी सांगते. फोन लावून दे."

फोन लागला. दुल्हाभाईंनी सासूचे म्हणणे अदबीने ऐकले आणि "विचार करतो" म्हणाले. कुवेतहून आलेला "विचार करतो" म्हणजे निम्मा नकार असतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण आधी तो पुरा होता. प्रवेश परीक्षेचा फॉर्म भाचीने भरून ठेवला आहे, फीचे पैसे आम्ही दिले आहेत. ही गोष्ट दुल्हाभाईंना अजून कोणी सांगितलेली नाही. हा अंक कुवेतला उशिराच पोचतो, या भरवशावर आम्ही ती इथे लिहून टाकत आहोत.

समजावण्याचे आमच्यावर सोपवलेले काम मात्र राहूनच गेले. आपाने त्याची आठवण पुन्हा काढली नाही.

रात्री पोरांनी 'शोले' लावला. रहीमचाचा नमाजला निघाले तेव्हा आमचा गळा पुन्हा भरून आला. पण या वेळी आम्ही अहमदलाही नीट पाहिले. तो नोकरीसाठी गावाबाहेर निघाला होता. एवढेच त्याने केले होते.