चंदीगड : किंमत वाढवली कोणी, पदरात पडली कोणाच्या?

एखाद्या शहरातील जमिनीचे भाव चढले की भांडवली वृत्तपत्रे भरभराटीचे ढोल वाजवतात. भाव उतरले की मंदी आली म्हणून गळा काढतात. परंतु हा भाव वाढवला कोणी आणि वाढलेला पैसा पडला कोणाच्या पदरात, हा साधा प्रश्न त्यांच्या रकान्यांत सहसा आढळत नाही. तो तपासून पाहण्यासाठी चंदीगडइतके सोयीचे शहर भारतात क्वचितच सापडेल. मुंबईच्या जमिनीवर इनामांची, खोतीची, व्यापारी पेढ्यांची आणि गिरणीमालकांची अशी मालकीची पुटांवर पुटे चढलेली आहेत. चंदीगडचे तसे नाही. तेथील सेक्टरांमधील जमीन सरकारने शेतकऱ्यांकडून संपादन केली, सरकारने आखली आणि सरकारनेच विकली. म्हणूनच त्या जमिनीच्या किमतीचा इतिहास कायद्यांच्या आणि नियमांच्या पुस्तकांत सरळ वाचता येतो.

शेतातून उभी राहिलेली राजधानी

फाळणीत लाहोर गेले आणि भारतातील पंजाब राजधानीवाचून उरला. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी नवे शहर वसवण्याचे ठरले. पहिला आराखडा अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांनी केला. १९५० साली विमान अपघातात नोविकी यांचा मृत्यू झाल्यानंतर हे काम ल कॉर्बूझिए, पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांच्याकडे आले. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते शहराचे उद्घाटन झाले. पहिल्या टप्प्यात दीड लाख आणि पुढे एकूण पाच लाख लोकवस्ती, असे आखणाऱ्यांचे गणित होते. २०११ च्या जनगणनेत केंद्रशासित चंदीगडची लोकसंख्या १०,५५,४५० भरली.

१९५२ साली झालेल्या दोन कायद्यांनी या शहराचा पाया घातला. एका कायद्याने राजधानीतील भूखंड विकण्याचा आणि त्यांवर अटी घालण्याचा अधिकार सरकारला दिला. दुसऱ्याने शहराच्या सीमेपासून प्रथम पाच मैलांच्या पट्ट्यात, आणि १९६२ नंतर दहा मैलांच्या पट्ट्यात, परवानगीवाचून बांधकाम करण्यास बंदी घातली. शेतजमिनीवर सट्टेबाजांच्या उड्या पडू नयेत, हा त्यामागचा हेतू होता. भूखंड मरला आणि कनाल या पंजाबी मापांनी विकले गेले. वीस मरल्यांचा एक कनाल होतो आणि चंदीगडमध्ये कनाल म्हणजे ५०० चौरस यार्ड. ज्याने पन्नाशीच्या दशकात उत्तरेकडच्या सेक्टरात एक-दोन कनालांचा भूखंड घेऊन कोठी बांधली, त्याच्या वारसांकडे आज कोट्यवधी रुपयांची मालमत्ता आहे.

ही किंमत आली कोठून? रस्ते, पाणी, शाळा आणि बागा सरकारी खजिन्यातून झाल्या. १९५८ साली सुखना तलाव बांधला गेला. १९६२ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय संस्था निघाली, विद्यापीठ आले. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबचे विभाजन होऊन एकाच शहरात दोन राज्यांची सचिवालये नांदू लागली आणि त्यांच्यामागोमाग अधिकारी, वकील, ठेकेदार यांची रांग लागली. पुढे खेड्यांतील संपादित जमिनीचा मोबदला आणि परदेशस्थ पंजाबी कुटुंबांचा पैसाही याच जमिनीच्या मागे धावू लागला. या सगळ्यात कोठीच्या मालकाचे कर्तृत्व एवढेच की तो थांबला. मूळ शेतकऱ्याला शेतीच्या दराने मोबदला मिळाला, बांधकाम मजुराला रोजंदारी मिळाली, आणि शहर वाढत गेल्यामुळे जमिनीला चढलेले मोल मात्र भूखंडधारकाच्या नावावर जमा झाले. मार्क्सने भूमिखंडाचे जे विवेचन ‘कॅपिटल’च्या तिसऱ्या खंडात केले आहे, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण भारतात दुसरे मिळणे कठीण.

नियमाने मान्य केलेले सत्य

गंमत अशी की हे सत्य सरकारला माहीत नव्हते असे मुळीच नाही. १९७३ च्या पट्टेदारी नियमांखाली चंदीगडमधील भूखंड ९९ वर्षांच्या पट्ट्याने देण्यात येऊ लागले. पट्टेदाराला आपला भूखंड दुसऱ्यास द्यायचा असेल तर सरकारची परवानगी घ्यावी लागे आणि किमतीतील ‘अनर्जित वाढी’चा ठरावीक हिस्सा खजिन्यात भरावा लागे. अनर्जित म्हणजे मालकाने न कमावलेली. जमिनीची किंमत समाजाच्या श्रमाने वाढते आणि म्हणून त्या वाढीत समाजाचा वाटा असला पाहिजे, ही कबुली या एका शब्दात आहे. ती कोणा क्रांतिकारकाच्या पत्रकात नसून सरकारी नियमावलीत होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पुढे ही कबुली टप्प्याटप्प्याने मागे घेण्यात आली. १९९६ च्या नियमांनी निवासी पट्टे शुल्क भरून कायमच्या मालकीत बदलून घेण्याची वाट मोकळी केली. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचे निरसन करणारा कायदा केंद्राने १९९९ साली केला, तो सर्वप्रथम लागू झाला हरयाणा, पंजाब आणि सर्व केंद्रशासित प्रदेशांना. महाराष्ट्राने त्याचा स्वीकार २००७ मध्ये केला. २००२ साली चंदीगड प्रशासनाने मासिक १,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या जागा भाडेनियंत्रण कायद्याच्या कक्षेबाहेर काढल्या. मालकाचे उत्तरदायित्व सैल करायचे, धारणेची मर्यादा उठवायची आणि भाडेकरूचे संरक्षण काढून घ्यायचे, ही तिन्ही कामे अवघ्या सहा-सात वर्षांत उरकली गेली.

वारशाचे रक्षण, पण कोणासाठी?

याच पार्श्वभूमीवर २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचला पाहिजे. एका भूखंडाचे तुकडे पाडण्यास १९६० च्या नियमांनीच मनाई केली होती. २००१ मध्ये प्रशासनाने सदनिकांना परवानगी देणारे नियम केले. त्यांना कडवा विरोध झाला आणि २००७ मध्ये ते रद्द झाले. तरीही विकासकांनी पळवाट शोधलीच. जुनी कोठी विकत घ्यायची, पाडून तीन मजले बांधायचे आणि ५०, ३० व २० टक्के अशा अविभक्त हिश्श्यांच्या नावाखाली तीन गिऱ्हाइकांना एकेक मजला विकायचा, असा हा व्यवहार होता. १० जानेवारी २०२३ रोजी, मूळचे अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांचा समावेश असलेल्या खंडपीठाने कॉर्बूझिएच्या पहिल्या टप्प्यातील, म्हणजे १ ते ३० क्रमांकांच्या सेक्टरांतील, एकल घरांचे असे सदनिकांत रूपांतर करण्यास मनाई केली. त्यानंतर प्रशासनाने कुटुंबाबाहेरील व्यक्तींना अशा हिश्श्यांची विक्री नोंदवून देणे थांबवले.

शहराच्या रचनेचे रक्षण झाले पाहिजे, याविषयी दुमत नाही. विकासकांच्या हाती सोपवलेल्या शहरांची काय दशा होते, हे गिरणगावाने पाहिले आहे. परंतु नुसती मनाई म्हणजे न्याय नव्हे. उत्तरेकडील सेक्टरांत वस्ती विरळ ठेवायची, भूखंड मोठेच ठेवायचे, आणि त्या दुर्मिळतेमुळे फुगलेली किंमत मात्र मालकाकडेच राहू द्यायची, तर अशा रक्षणाचा अर्थ काय होतो? सार्वजनिक खर्चाने जपलेल्या हिरवळीचे भाडे खासगी खिशात जाते. मजला घेऊ पाहणारा मध्यमवर्गीय अख्खी कोठी घेऊ शकत नाही. तो मोहाली, पंचकुला, झिरकपूरकडे वळतो आणि तेथील भाव वर ढकलतो. तेथून हटलेला कारकून खरडच्या वाटेला लागतो. विकासक विरुद्ध वारसाप्रेमी अशा रंगवलेल्या भांडणात ज्याला दोन्हीकडे जागा नाही, त्याचा उल्लेखच होत नाही.

प्रशासनाने १ एप्रिल २०२५ पासून कलेक्टर दर, ज्याला महाराष्ट्रात रेडी रेकनर म्हणतात, मोठ्या प्रमाणावर वाढवले. त्यामुळे मुद्रांक शुल्क वाढले. पण त्याचा भार पडतो विकत घेणाऱ्यावर. जो विकत नाही, जो दोन कनालांच्या कोठीत दोनच माणसे ठेवून भाव आणखी चढण्याची वाट पाहतो, त्याला हा दर शिवतही नाही.

आराखड्यात नसलेली माणसे

जानरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी नोकरांसाठी घरांचे तेरा वर्ग आखले होते. वर मुख्यमंत्री, तळाशी शिपाई. शिपायालाही पक्के घर मिळाले, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. परंतु त्या तेरा पायऱ्यांच्या खाली आणखी एक पायरी होती आणि ती कागदावर नव्हती. शहर बांधणारा मजूर, भाजीविक्या, रिक्षावाला, घरकाम करणारी बाई यांच्यासाठी आराखड्यात जागाच नव्हती. त्यांना ‘तात्पुरत्या’ मजूर वसाहती मिळाल्या आणि त्या वसाहतींना नावांऐवजी क्रमांक मिळाले. मधू सरीन यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हे वास्तव मांडून चार दशके उलटली.

२००६ च्या लघुसदनिका योजनेने १८ वसाहतींसाठी २५,७२८ घरांचे उद्दिष्ट ठेवले. सप्टेंबर २०१३ मध्ये धनास येथील ८,४४८ सदनिकांचे उद्घाटन पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी केले. हे काम मोलाचे होते आणि ते तसेच मानले पाहिजे. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात कॉलनी नंबर ५ जमीनदोस्त झाली. आणि २०२२ साली औद्योगिक क्षेत्रातील कॉलनी नंबर ४ पाडण्यासाठी प्रशासनाने दिवस निवडला १ मे! कामगार दिनी कामगारांच्या घरांवर बुलडोझर फिरला. काही कुटुंबांना मलोयात भाड्याची घरे मिळाली. ज्यांची नावे जुन्या पाहणीत नव्हती, त्यांना आपली भांडी रस्त्यावर मांडावी लागली. २०२५ मध्ये संजय कॉलनी आणि आदर्श कॉलनीही गेल्या आणि शहर झोपडपट्टीमुक्त झाल्याचा डंका पिटला गेला. झोपडी गेली म्हणून माणूस नाहीसा होत नाही. तो बुडैल, अटावा अशा सेक्टरांनी वेढलेल्या गावांच्या लाल डोऱ्याच्या आत, कोंदट खोलीत चौघांबरोबर भाडे वाटून राहतो. नाहीतर पंजाबच्या हद्दीतील नयागावातून रोज पहाटे सचिवालयाच्या दिशेने चालू लागतो. भांडवलदारी व्यवस्था घरांचा प्रश्न सोडवत नाही, तो एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवते, हे एंगल्सने १८७२ मध्येच दाखवून दिले होते.

आणि प्रश्न केवळ झोपडीवासीयांचा राहिलेला नाही. २००८ साली चंदीगड गृहनिर्माण मंडळाने प्रशासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी स्वयंअर्थसहाय्यित योजना जाहीर केली. २०१० च्या सोडतीत ३,९३० कर्मचाऱ्यांची नावे निघाली. त्यांनी अनामत रकमा भरल्या. तीन शयनगृहांच्या सदनिकेची मूळ किंमत ३५ लाखांच्या आत होती. नंतर जमिनीचा दर चढला म्हणून तीच किंमत कोटीच्या पुढे सांगण्यात आली. उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कर्मचाऱ्यांच्या बाजूने निर्णय दिला, तोवर अनेकजण सेवानिवृत्त झाले होते आणि कित्येकांनी जगाचा निरोप घेतला होता. जमीन सरकारची, मंडळ सरकारचे, गिऱ्हाईक सरकारचा नोकर. तरीही मध्ये बाजारभाव उभा! लोकांकडून घेतलेल्या जमिनीचा सावकार होऊन सरकारच बसले, की याहून वेगळे काय होणार?

एक शहर, तीन सरकारे

मोहाली पंजाबात, पंचकुला हरयाणात आणि मधले सेक्टर केंद्राच्या ताब्यात. माणसांच्या दृष्टीने मात्र शहर एकच आहे. सकाळी लाखो लोक या सीमा ओलांडतात. कायदे तेवढे तीन. चंदीगडने मजल्यांची विक्री रोखली, तर हरयाणाने २०२४ साली स्टिल्टवर चार मजल्यांची वाट पुन्हा खुली केली. दहा मैलांच्या हरित पट्ट्याचा कायदा पुस्तकात आहे, आणि त्याच पट्ट्यात झिरकपूरचे मनोरे उभे आहेत. सुखनाजवळच्या कांसल गावात उत्तुंग इमारतींचा जो प्रकल्प यायचा होता, त्याच्या मुळाशी पंजाबच्या आमदारांचीच गृहनिर्माण संस्था होती. तो २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडवला. कायदे करणारेच कुंपण ओलांडू पाहतात, तेथे सट्टेबाजांना दोष किती द्यावा?

महाराष्ट्रातील वाचकाला ही कहाणी परकी वाटू नये. १९९१ च्या नियमाने मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते: एक मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. मुंबईत वाटा मान्य करून कापला गेला. चंदीगडमध्ये ‘अनर्जित वाढ’ मान्य करून तिच्यावर पाणी सोडले गेले. दोन्हीकडे समाजाचा हक्क आधी कायद्यात होता आणि नंतर काढून घेतला गेला.

म्हणून मागणी नवलाईची नाही. कोठीच्या विक्रीत अनर्जित वाढीचा हिस्सा वसूल करून तो श्रमिकांच्या भाड्याच्या घरांसाठी राखून ठेवा. उत्तरेकडच्या सेक्टरांत उद्या वस्ती वाढवायची झाल्यास तिचा लाभ आधी सार्वजनिक घरांना द्या. पर्यायी घर हाती दिल्यावाचून एकही छप्पर पाडू नका. आणि तिन्ही सरकारांनी चंदीगड, मोहाली, पंचकुला यांचा एकत्र आराखडा करून त्यात घरकाम करणाऱ्या बाईच्या, हमालाच्या आणि गवंड्याच्या घराची जागा नकाशावर दाखवा. चंदीगडच्या नकाशात दोन सचिवालयांना जागा मिळाली, उच्च न्यायालयाला मिळाली, तलावालाही मिळाली. ज्यांनी हे सारे बांधले त्यांची जागा सत्तर वर्षांनंतरही त्यात यायची आहे.