चंद्र केवढा? उत्तर घाटावरून मोजता येते

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. त्यामुळे वाराणसीच्या दशाश्वमेध घाटावरील सायंकाळची गंगा आरती दुपारीच झाली, आणि त्याची बातमी देशभर पोहोचली. आरतीची वेळ हा घाटाच्या परंपरेचा प्रश्न आहे. त्याविषयी विज्ञानाने तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार हवी ती विज्ञानाच्या नावाखाली अशा वेळी पुढे येणाऱ्या तक्त्यांविषयी.

तक्ता सांगतो: गॅनिमीड ५,२६८ किलोमीटर, टायटन ५,१५०, बुध ४,८७९, चंद्र ३,४७४. आकडे खरे आहेत, पण मुके आहेत. गॅनिमीड बुधाहून मोठा, हे विद्यार्थी पाठ करतो; बुधाचे वस्तुमान मात्र गॅनिमीडच्या दुपटीहून अधिक का, हे विचारत नाही. एकात बर्फ विपुल, दुसऱ्यात लोह. गॅनिमीडचा व्यास गुरूच्या व्यासाच्या सव्विसाव्या हिश्श्याएवढा, तर चंद्राचा पृथ्वीच्या पाव हिश्श्याहून अधिक. आठ ग्रहांपैकी दुसऱ्या कोणत्याही ग्रहाला आपल्या मानाने एवढा मोठा उपग्रह नाही. क्रमवारीत पाचवा असलेला चंद्र प्रमाणात पहिला ठरतो.

हे प्रमाण कोणाच्या शब्दावर मानण्याची गरजही नाही. चंद्रग्रहणात चंद्रबिंबावर पडलेल्या छायेची कड गोल असते. छायाचित्रावर त्या कडेचे वर्तुळ पूर्ण केले, की छायेचा व्यास चंद्राच्या सुमारे २.७ पट भरतो. परंतु छाया निमुळती होत जाते. किती? त्याचे उत्तर सूर्यग्रहणात आहे. २२ जुलै २००९ च्या सकाळी वाराणसीच्या घाटांवरून सुमारे तीन मिनिटे खग्रास सूर्यग्रहण दिसले. चंद्राची गडद छाया पृथ्वीपर्यंत येताना जवळजवळ टोकाला आलेली असते; म्हणजे तेवढ्या अंतरात छाया सुमारे एका चंद्रव्यासाने आखडते. पृथ्वीची छायाही तेवढ्याच अंतरात तेवढीच आखडणार. २.७ मध्ये १ मिळवा: पृथ्वीचा व्यास चंद्राच्या ३.७ पट. आधुनिक मापनही हेच सांगते.

दुसरा दोष अभिमानाचा. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास पृथ्वीचा व्यास १,०५० योजने आणि चंद्राचा ३१५ योजने दिला. गुणोत्तर ०.३०, आजचे ०.२७. हे यश थोर आहे. मात्र त्याच ग्रंथात सूर्याचा व्यास ४,४१० योजने, म्हणजे पृथ्वीच्या ४.२ पट आहे. प्रत्यक्षात तो १०९ पट आहे. जवळच्या चंद्राचे माप नुसत्या डोळ्यांच्या आवाक्यात होते, सूर्याच्या अंतराचे नव्हते. पहिला आकडा मिरवून दुसरा झाकणे हा आर्यभटाचा गौरव नव्हे. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तरच त्याचे गणित समजते.

दशाश्वमेधाच्या शेजारीच, मानमंदिर घाटावर, सवाई जयसिंहाची अठराव्या शतकातील वेधशाळा उभी आहे. तिच्या दगडी यंत्रांचा धडा एकच: मोजा, मग बोला. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री भारतातून पुन्हा खग्रास चंद्रग्रहण दिसेल. त्या रात्री प्रत्येक शाळेने एक छायाचित्र घ्यावे, कंपासपेटी उघडावी आणि तक्ता मिटून ठेवावा.