पंचविशीचा सल्लागार

घरांतील मुलगा परीक्षा उत्तम रीतीनें उतरला आणि एखाद्या वाढत्या पेढींत धंद्याचा सल्लागार म्हणून त्यानें जागा पत्करली, म्हणजे वडील मंडळींच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो हाच कीं, ज्यानें जन्मांत कधीं तागडी हातीं धरली नाहीं, तो दुसऱ्यास व्यापार काय शिकविणार? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांत न शोधतां आपल्या परभणी जिल्ह्याच्या सोयाबीनांतच शोधूं.

२००२ सालीं कंपनी कायद्यांत दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांस ‘उत्पादक कंपनी’ स्थापण्याची वाट मोकळी झाली. दहा किंवा अधिक उत्पादकांनीं एकत्र यावें व आपला माल एकत्र विकावा, असा तिचा हेतु. पुढें २०२० सालीं केंद्र सरकारनें शेतकऱ्यांच्या अशा दहा हजार संघटना उभारण्याची योजना काढली, आणि त्यांस पहिलीं वर्षें हात देण्याचें काम सल्लागार संस्थांकडे सोंपविलें. आमच्या तरुणाची नोकरी अशाच एका संस्थेंत आहे, असें समजा.

आतां कंपनीची बैठक डोळ्यांपुढें आणा. सोयाबीन खळ्यावर आलें आहे आणि भाव उतरला आहे. संचालक म्हणतात, “कर्ज काढून सभासदांचा माल आपणच घेऊं, कोठारांत ठेवूं आणि फाल्गुनांत विकूं.” बेत सर्वांस गोड वाटतो. कंपनीची उलाढाल वाढेल, आणि सल्लागार संस्थेच्या अहवालांतही ती शोभून दिसेल. तरुणानें ‘उत्तम’ एवढा एक शब्द उच्चारला कीं बैठक संपली!

परंतु त्यानें आधीं हिशेब मांडावा. १,००० क्विंटल माल ४,५०० रुपये भावानें घेतला, तर ४५ लाख रुपये गुंततात. दाण्यांत ओलावा १४ टक्के असून तो वाळून १० टक्क्यांवर आला, तर सुमारें ४४ क्विंटल वजन घटतें आणि ९५६ क्विंटल उरतात. कर्जाचें व्याज सालीना १२ टक्के धरलें, तर चार महिन्यांचे १ लाख ८० हजार होतात. आतां ४६ लाख ८० हजारांस ९५६ नें भागा. क्विंटलमागें सुमारें ४,८९५ रुपये पडतात. गोणी, हमाली व कोठाराचें भाडें यांहून निराळें. २०२४-२५ च्या हंगामाकरितां सरकारनें ठरविलेली किमान आधारभूत किंमत ४,८९२ रुपये होती. म्हणजे तेवढा भाव मिळूनही पदरीं तोटाच!

फाल्गुनांत भाव काय असेल, हें भविष्य त्या मुलानें वर्तवावयाचें नाहीं. किती भाव मिळाला तर मुद्दल सुटेल, एवढेंच त्यानें दाखवावयाचें आहे.

बरें, नुसतें ‘नको’ म्हणून उठणें हाही सल्ला नव्हे. राज्य कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासूनची आहे. तींत शेतकऱ्यानें आपलें सोयाबीन बाजार समितीमार्फत तारण ठेवल्यास किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिन्यांकरितां, ६ टक्के व्याजानें देण्याची सोय आहे. भाव पडण्याची भीति तेथेंही आहेच. पण आपल्या हिशेबाच्या मानानें व्याज निम्में, आणि केव्हां विकावें हें ज्याचें त्याच्या हातीं. कंपनीनें सफाई, प्रतवारी व वाहतूक करून तेवढी मजुरी घ्यावी. उलाढालीचा आंकडा लहान दिसेल, परंतु कंपनी कर्जांत बुडणार नाहीं.

यावरून वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. मुलानें व्यापार शिकवावयाचा नसून, पाहिलेलें खरें सांगावयाचें आहे. भारवीच्या किरातार्जुनीयाच्या पहिल्याच सर्गांत युधिष्ठिरानें पाठविलेला वनेचर परत येऊन सांगतो, तें शत्रूच्या उत्तम राज्यकारभाराचें वर्तमान. धन्यास तें कसें रुचावें? तरीही तो तें दडवीत नाहीं. मात्र तो आधीं स्वतः पाहून आलेला असतो, हें विसरूं नये. ओलावा १४ टक्के कीं ९, हें कचेरींत बसून कळत नाहीं. त्यासाठीं खळ्यावर जावें लागतें, मापाड्यास व हमालास नम्रपणें विचारावें लागतें.

खरी अडचण पुढेंच आहे. संचालक रुष्ट होतात. आणि वाढत्या संस्थेस वाढीचे आंकडे हवे असल्यानें वरिष्ठही कपाळास आंठ्या घालतात. अशा वेळीं ज्याच्या डोक्यावर घराच्या कर्जाचा हप्ता आहे, बहिणीचें लग्न आहे, आणि ज्याच्या एकट्याच्या पगारावर घरानें डोळा ठेवला आहे, त्याची जीभ अडखळते. दोष त्याचा अर्धाच, अर्धा घराचा!

म्हणून वाचकांस एवढीच विनंति. दिवाळीस मुलगा घरीं आला म्हणजे पगार किती वाढला, हें अवश्य विचारा. परंतु या हंगामांत कोणता नावडता हिशेब दाखविलास, आणि तो कशा शब्दांत सांगितलास, हेंही विचारा. नोकरी गेली तरी चुलीपाशीं तुझें ताट मांडलेलें आहे, हें त्यास ऐकूं द्या. चार भावांच्या एकत्र कुटुंबास हें अभय देतां येतें. एकट्यादुकट्या बिऱ्हाडास तें जड जातें.