ताडपत्रीआधी संवाद हवा होता!

दादरच्या कबुतरखान्यावर महापालिकेने घातलेली ताडपत्री ६ ऑगस्ट २०२५ रोजी जमावाने फाडली. आठवडाभरातच बंदीच्या समर्थनार्थ मराठी एकीकरण समितीचे कार्यकर्ते तेथे उतरले आणि त्यांची धरपकड झाली. मूळ प्रश्न कबुतरांच्या विष्ठेचा व माणसांच्या फुप्फुसांचा. पाहता पाहता तो ‘जैन विरुद्ध मराठी’ असा होऊन बसला. अहिंसेच्या नावाने शस्त्राची भाषा झाली, तर दुसरीकडे एका संपूर्ण समाजालाच परके ठरविण्याची अहमहमिका लागली. हे पाप कोणाचे?

जुलैमध्ये विधान परिषदेतील घोषणेनंतर मुंबईतील ५१ कबुतरखान्यांवर कारवाई सुरू झाली. उच्च न्यायालयाने मानवी आरोग्याला अग्रक्रम दिला आणि तज्ज्ञ समितीचा मार्ग दाखविला. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला. पुढे शहरातील चार ठिकाणी सकाळी ७ ते ९ या वेळेत नियंत्रित दाणे घालण्याची तात्पुरती मुभा देण्यात आली. जागा आणि वेळ यांचाच विचार करायचा होता, तर तो ताडपत्री बांधण्यापूर्वी का झाला नाही?

मध्यस्थी म्हणजे दोघांना खूश करणारी गुळमुळीत तडजोड नव्हे. कबुतरांची पिसे व वाळलेली विष्ठा यांचे कण सातत्याने श्वासावाटे गेल्यास काहींना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होतो आणि फुप्फुसांची हानी कायमची ठरू शकते. या वैद्यकीय सत्यावर वाटाघाट होऊ शकत नाही. वाटाघाट व्हावी ती स्थळ, वेळ, स्वच्छता, जखमी पक्ष्यांची शुश्रूषा आणि दानाचे पर्यायी मार्ग यांवर. भूतदया हा आपल्या संस्कृतीचा प्राण आहे. परंतु शेजारच्या वृद्धाचा खोकला ज्या दयेला ऐकू येत नाही, ती दया अपुरी होय.

याच मुंबईने असा पेच पूर्वी सोडविला आहे. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध १८३२ साली येथे दंगल उसळली. पारशी समाज त्यात अग्रभागी होता. मात्र शहर तेवढ्यावर थांबले नाही. जमशेटजी जीजीभाई आणि व्यापारी महाजनांच्या पुढाकाराने १८३४ साली पांजरापोळ उभी राहिली. रस्त्यावरील जनावरांना आसरा मिळाला, श्रद्धेचा मान राहिला. त्या महाजनांनी घोषणा दिल्या नाहीत. पदरचे धन आणि स्वतःचा शब्द पणाला लावला.

आजचे नेते मात्र मतांची बेरीज करून मौन पाळतात आणि न्यायालयाकडे बोट दाखवितात. न्यायालय निवाडा देईल. मने जोडणे हे समाजाचेच काम आहे. म्हणून वस्तीतील डॉक्टर, मंदिराचे विश्वस्त, गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी आणि सामाजिक कार्यकर्ते यांनी एका सतरंजीवर बसावे. मुनिजनांसमोर वैद्यकीय अहवाल आदराने ठेवावेत आणि दाणे घालणाऱ्या आजीबाईंची श्रद्धा उपहासाचा विषय होऊ देऊ नये. घरातले भांडण चव्हाट्यावर नेण्यापूर्वी घरातल्या जाणत्यांनी बोलायचे असते. ते गप्प राहिले, तर फाटते ती केवळ ताडपत्री नसते.