कोनला हूल देता येत नाही

"ड्रिबलिंग सुधारायचंय, काय करू?" असं वीकेंडला फुटबॉल खेळणाऱ्या कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं. कोन लाव, त्यांच्यामधून नागमोडी पळ, रोज अर्धा तास. समोरचा जरा जास्त उत्साही असेल तर 'या ५ ट्रिक्स शिका आणि कुणालाही चकवा' छापाचे चार व्हिडिओही पाठवतो. माझं स्पष्ट मत सांगतो: हा सल्ला नुसता अपुरा नाही, दिशाभूल करणारा आहे. मोठ्यांची त्यात फार तर शनिवार सकाळ फुकट जाते. लहान मुलांच्या बाबतीत मात्र चांगला खेळाडू वाया जातो. म्हणून आजचा हा लांबलचक वैताग. चहा घेऊन बसा.

मराठीत एक झकास शब्द आहे: हूल. कबड्डीत चढाईला गेलेला गडी डाव्या कोपऱ्याकडे झेपावल्यासारखं करतो, कोपऱ्यातला दचकून मागे सरतो, आणि तेवढ्यात गडी भलत्यालाच हात लावून परत येतो. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की त्याला मधूनच मागे फिरता येत नाही, आणि पळणारा नेमका त्याच नियमावर जगतो. डावीकडे निघाल्यासारखं दाखवायचं आणि उजवीकडून सटकायचं. ड्रिबलिंग म्हणजे दुसरं काही नाही. पायात बॉल असताना दिलेली हूल, बस्स.

आता मला सांगा, कबड्डीचा कुठला प्रशिक्षक सात खुर्च्या मांडून त्यांच्यासमोर चढाई शिकवतो? कोल्हापूरचं उदाहरण घ्या. तिथल्या फुटबॉल संघांची नावंच बघा: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम. तालमीत एकट्याने जोर-बैठका होतात, पण डाव शिकायचा तर समोर जोड लागते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फुटबॉलमध्ये आल्यावर ही अक्कल कुठे जाते कोण जाणे. हूल द्यायला समोर फसणारा कुणीतरी लागतो. कोन फसत नाही. तो दचकत नाही, पाय पुढे घालत नाही, त्याचा तोलही जात नाही.

आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर कोन म्हणजे मॉक ऑब्जेक्ट. ठरलेल्या जागी ठरलेलं उत्तर देणार. सगळ्या टेस्ट हिरव्यागार, आणि मग प्रॉडक्शनमध्ये पहिलाच खरा युजर असं काही करतो की सगळं आडवं. कोनमधून सुसाट जाणारा गडी मॅचमध्ये पहिल्याच डिफेंडरच्या पायात बॉल देऊन बसतो, ते यामुळेच. कोनने त्याला एक घातक सवयही लावलेली असते: मान खाली. कोन हलत नाही, म्हणून बघावं लागत नाही. मॅचमध्ये सगळी माहिती मान वर केल्यावरच मिळते.

राहिला प्रश्न ट्रिक्सचा. इतिहास काय सांगतो बघा.

इंग्लंडचा स्टॅन्ली मॅथ्यूज. १९५३ च्या एफए कप फायनलमध्ये ब्लॅकपूल बोल्टनविरुद्ध ३-१ ने मागे होती आणि ४-३ ने जिंकली. हॅटट्रिक मॉर्टेन्सनची, पण आजही लोक त्या सामन्याला 'मॅथ्यूज फायनल' म्हणतात, कारण उजव्या बाजूने ३८ वर्षांच्या या गृहस्थाने बोल्टनच्या बचावाची पार चाळण केली. १९५६ मध्ये पहिला बॅलन डी'ओर त्यालाच मिळाला आणि १९६५ मध्ये पन्नाशी गाठल्यावरही तो इंग्लंडच्या फर्स्ट डिव्हिजनमध्ये खेळला. त्याची मुख्य ट्रिक कोणती? आत जातोय असं दाखवायचं आणि बाहेरून निघायचं. एवढीच.

ब्राझीलचा गारिंचा. दोन्ही पाय एकाच बाजूला वाकलेले. बहुतेक वेळा उजवीकडूनच निघणार, हे अख्ख्या जगाला माहीत. १९६२ च्या वर्ल्डकपमध्ये पेले दुसऱ्याच सामन्यात जखमी झाला, तेव्हा याच माणसाने ब्राझीलला कप मिळवून दिला. आपल्या पिढीने पाहिलेला आर्यन रॉबेन घ्या. उजव्या बाजूला बॉल घेणार, डाव्या पायावर आत वळणार, मारणार. स्टेडियममधल्या भेळवाल्यालाही (असता तर) कळलं असतं की आता काय होणार. तरी अडवता यायचा नाही.

म्हणजे ट्रिक माहीत असूनही डिफेंडर फसतो. मग तो नेमका कशाला फसतो? वेळेला. 'काय' यापेक्षा 'केव्हा' महत्त्वाचं.

डिफेंडर मागे सरकत असतो तेव्हा त्याचं वजन सतत या पायावरून त्या पायावर जात असतं. ज्या क्षणी वजन एका पायावर आलं, त्या क्षणी त्या पायाच्या दिशेने त्याला लगेच निघता येत नाही, कारण ज्या पायाने रेटा द्यायचा तो मोकळा असतो. हूल द्यायची ती हे वजन हवं तिथे आणण्यासाठी. दुसरी गोष्ट, शहाणा डिफेंडर सरळ समोर उभा राहत नाही, तिरका उभा राहतो, एक पाय पुढे. त्या पुढच्या पायाच्या बाहेरून गेलात तर त्याला अख्खी कंबर फिरवावी लागते. तेवढ्यात तुम्ही एक पाऊल पुढे. तिसरी, वेगातला बदल. नुसता वेग नाही, बदल. हळू, हळू, आणि मग एकदम. सगळा वेळ फुल स्पीडने पळणारा गडी डिफेंडरला आवडतो, कारण त्याला फक्त बरोबर पळायचं असतं. आणि चौथी, निसटल्यावर पहिला टच त्याच्या धावेच्या आडवा, म्हणजे तुमचं अंग बॉल आणि त्याच्या मध्ये येतं.

यातली एक तरी गोष्ट कोन शिकवू शकतो का? कोनला वजन नाही, कंबर नाही, पुढचा पाय नाही.

मग सगळीकडे कोनच का दिसतात? कारण ते दिसायला छान दिसतात. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या संशोधकांनी एक प्रयोग केला होता. हातात टेनिस बॉल घेऊन समोरचे लाकडी अडथळे ठराविक क्रमाने पाडायचे, असे ३ प्रकार. एका गटाने एकेक प्रकार घोटून मग पुढचा घेतला, दुसऱ्याने तिन्ही उलटसुलट मिसळून. सराव चालू असताना घोटणारा गट सरस होता. पण १० मिनिटांनी आणि पुन्हा १० दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा मिसळून शिकलेले पुढे निघाले. म्हणजे सराव करताना जे गुळगुळीत दिसतं ते पुढे टिकतंच असं नाही. आता जाळीबाहेर उभे असलेले, फी भरलेले आईबाप काय बघतात? गुळगुळीत. रांगेत उभी पोरं, रंगीत कोन, शिट्टी. एकास एकची झटापट बघायला गबाळी वाटते. बॉल सारखा जातो, पोरं पडतात, ओरडतात. तिथे शिक्षण चाललंय, पण पैसे वसूल होत असल्यासारखं वाटत नाही!

माझा भाचा अशाच एका अकादमीत जायचा. नाव घेत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट तीच राहील. तासातली ४० मिनिटं रांग आणि कोन, शेवटची २० मिनिटं मॅच. त्या २० मिनिटांत पोराने कुणाला चकवायचा प्रयत्न केला की बाहेरून आरोळी: "पास दे! पास दे!" बॉल गेला की बदली करून बाकावर. ४० मिनिटं ड्रिबलिंग शिकवायचं आणि २० मिनिटं ते केल्याबद्दल शिक्षा द्यायची, हे लॉजिक माझ्या डोक्यात अजून कंपाइल होत नाही. दोन महिन्यांत पोरगं शहाणं झालं. बॉल आला की लगेच ढकलून मोकळं. कोच खूश. पोरगा मात्र आता बॉल पायात नको म्हणतो, आणि याच्याइतकी वाईट गोष्ट नऊ वर्षांच्या फुटबॉलरच्या बाबतीत दुसरी नाही.

"पण आधुनिक फुटबॉल पासिंगचाच आहे ना?" हा प्रश्न येणारच. ज्या स्पेनच्या नावाने तो विचारला जातो त्याच स्पेनकडे बघू. २०२२ च्या वर्ल्डकपमध्ये मोरोक्कोविरुद्ध त्यांनी हजारावर पास दिले. गोल शून्य, पेनल्टीवर घरी. २०२४ चा युरो मात्र त्यांनी जिंकला, तेव्हा दोन बाजूंना समोरच्याच्या अंगावर बॉल घेऊन जाणारी दोन पोरं होती: निको विल्यम्स आणि फायनलच्या आदल्या दिवशी १७ वर्षांचा झालेला लमीन यमाल. फायनलमधला पहिला गोल यमालच्या पासवर विल्यम्सने मारला. म्हणजे पास हवाच हो. पण एक माणूस चकवला गेला की दुसऱ्याला जागा सोडून यावं लागतं, आणि पासला मोकळी जागा अशीच मिळते.

"आणि बेसिक्स?" हवेत की. घरी गॅलरीत १० मिनिटं तळव्याने, आतल्या-बाहेरच्या बाजूने बॉल खेळवा, पायाला सवय होते. टायपिंग यावंच लागतं, पण टायपिंग म्हणजे प्रोग्रामिंग नव्हे. विल कुर्व्हर या डच प्रशिक्षकाच्या नावाने जी पद्धत जगभर चालते, तिच्यातही बॉलवरची हुकमत हा पाया आहे आणि एकास एक हा वेगळा टप्पा. आपल्याकडे पाया खोदून ठेवतात आणि त्यालाच बंगला म्हणतात.

तर मग काय करायचं? वैताग झाला, आता कामाचं.

१. साधारण १२ बाय ८ पावलांचा चौकोन आखा. (कोन वापरा, कोपऱ्याला! त्यांची लायकी तेवढीच.) दोघं जण. बॉल ताब्यात ठेवून समोरची रेघ ओलांडायची. २०-३० सेकंदांचा डाव, मग जोड बदला. एकाच मित्राला चकवत राहिलात तर तो मित्र शिकून घ्याल, ड्रिबलिंग नाही.

२. डिफेंडरची सुरुवात बदला. कधी समोरून, कधी बाजूने, कधी पाठीवर. मॅचमध्ये तो दरवेळी नमस्कार करून समोर उभा राहत नाही.

३. हिशेब ठेवा. दहापैकी दहा वेळा जमलं तर चौकोन अरुंद करा किंवा तगडी जोड शोधा. एकदाही नाही जमलं तर रुंद करा. साधारण निम्म्या वेळा बॉल जायलाच हवा.

४. शेवटी ३ विरुद्ध ३. नियम एकच: गोलआधी कुणीतरी कुणाला चकवलं असेल तर गोल दोनचा.

आणि एक मर्यादा. हे सगळं समोरच्यांच्या गोलजवळ. स्वतःच्या गोलसमोर हूल देणाऱ्याला बाकावर बसवा, माझा पाठिंबा आहे.

यासाठी मोठं मैदान लागत नाही. फुटसाल १९३० मध्ये उरुग्वेत सेरियानी नावाच्या शिक्षकाने सुरू केलं ते अशाच छोट्या जागेसाठी. रोनाल्डिन्हो आणि नेमार लहानपणी तेच खेळले. आपल्या मुंबई-पुण्यातल्या गच्चीवरच्या टर्फवर, खरं तर गाड्या उभ्या असलेल्या सोसायटीच्या आवारातही, हे सगळं होऊ शकतं. पण आवारात 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी असते, आणि मग तीच सोसायटी पोरांना फी भरून कोनभोवती फिरायला पाठवते.

असो. पाटी काढणं तुमच्या-माझ्या हातात असेल-नसेल. पण उद्या सकाळी टर्फवर कुणी बॉल घेऊन समोरच्याच्या अंगावर गेला आणि बॉल गमावून बसला, तर निदान "पास दे ना यार" म्हणून ओरडू नका. परत एकदा जा, म्हणा. आणि बाहेर जाळीला टेकून कुणाचं पोरगं बघत असेल तर जरा मोठ्याने म्हणा.