धर्मांतर, भाकरी आणि साक्ष

ख्रिस्ती श्रद्धेने माणसांची आयुष्ये पालटली, अशी साक्ष परदेशातून आलेले मिशनरी गेली दोनशे वर्षे देत आले आहेत, आणि ती साक्ष एक तर खोटी आहे किंवा भाकरीच्या मोलाने मिळवलेली आहे, हा आक्षेपही जवळजवळ तितकाच जुना आहे. आसनगाव स्थानकावरून ज्याची वाट सुरू होते तो शहापूर तालुका आणि शेजारचा मुरबाड, म्हणजे कातकरी, ठाकर, महादेव कोळी यांच्या पाड्यांचा हा मुलूख, येथे तर हा आक्षेप सिद्ध करण्याची गरजही कोणाला वाटत नाही. ‘गरिबाला आमिष दाखवले’ एवढे म्हटले की चर्चा संपते. ती तेथे संपू नये, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पूर्वपक्ष, म्हणजे खंडनाआधी मांडावयाची प्रतिपक्षाची बाजू, मुळीच दुबळा नाही. मुंबईत 1813 साली आलेल्या अमेरिकन मराठी मिशनचा खर्च बॉस्टन येथील मंडळाच्या देणगीदारांकडून येत असे आणि मिशनऱ्यांची पत्रे त्यांच्याच वाचनासाठी छापली जात. ज्याला पुढील वर्षाची वर्गणी हवी आहे, त्याच्या लेखणीतून पालटलेल्या आयुष्यांच्या कथाच अधिक उतरणार, हे उघड आहे. म्हणून मिशनऱ्याची साक्ष बाजूला ठेवावी, हे म्हणणे मान्य करण्यास हरकत नाही. मात्र ती बाजूला ठेवल्यावर पुरावाच उरत नाही, असे मानणे ही मोठी चूक आहे, कारण ज्यांची आयुष्ये पालटली त्यांनी स्वतःच्या मराठीत आपली हकीकत लिहून ठेवली आहे.

अशांपैकी एक, मराठी कवी नारायण वामन टिळक, यांचे बालपणीचे काही शिक्षण याच मुलखाच्या पेठेत, कल्याणला झाले. 1893 साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत त्यांना अर्नेस्ट वॉर्ड हे मिशनरी भेटले. त्यांनी टिळकांना बायबलची एक प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा, म्हणजे जलसंस्काराने होणारा ख्रिस्ती धर्मप्रवेश, झाला. त्यातून त्यांना मिळाले काय? पत्नी दुरावली, आप्तांनी पाठ फिरवली, जात गेली. पुढे मिशनची नोकरी मिळाली हे खरे. पण ज्याला पगारासाठी धर्म बदलावयाचा असतो तो 1917 साली ती चाकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारण्यास निघत नाही. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी त्यांची ती कल्पना होती, आणि ती परदेशी मिशनच्या चौकटीत मावणारी नव्हती.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण त्यांना कोणी मिशनऱ्याने जिंकले असे म्हणताच येत नाही. त्या ज्या माहेरात वाढल्या तेथे वडिलांच्या सोवळ्यापायी मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घेतली जाई. अशा घरातील मुलीला नवऱ्याच्या धर्मांतराने काय वाटले असेल याचा अंदाज सहज बांधता येतो. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, पुढे जवळ आल्या तरी त्यांनी आपले खाणेपिणे वेगळे ठेवले, आणि जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, या निष्कर्षाप्रत त्या स्वतःच्या विचाराने पोहोचल्यावर प्रथम सोवळे सुटले. बाप्तिस्मा त्यानंतर 1900 साली आला. हा क्रम महत्त्वाचा आहे. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचणाऱ्या कोणालाही ही बाई विकली गेली असे म्हणवणार नाही.

धर्मांतरित माणूस भाषेला व भूमीला पारखा होतो, हा दुसरा आक्षेप येथेच निकालात निघतो, कारण टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत आणि कीर्तनात आणली व त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला. तरी त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि ख्रिस्ती जोगिणींच्या ज्या मठात त्या राहत होत्या तेथील मंडळींशी त्यांनी धर्मतत्त्वांवरून पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचलेल्या मुली आणि टाकलेल्या विधवा विणकाम, शेती आणि छापखान्याचे काम शिकल्या. जिला कुटुंबाने ओझे मानले तिने खिळे जुळवून पुस्तक छापावे, हा पालट कोणत्याही अहवालाच्या आधाराविना उभा राहतो.

राहिला प्रश्न दुष्काळातील सामुदायिक धर्मांतरांचा. 1876 ते 1878 च्या दुष्काळानंतर नगर भागात महार आणि मांग समाजांतील पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली, आणि त्यांत भुकेचा वाटा नव्हता असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु दुष्काळ सरला, धान्यवाटप थांबले, तरी त्या वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती राहिल्या, याचे उत्तर आमिषाच्या सिद्धांताजवळ नाही. उलट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या ठेवल्या, 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यांत आले. ख्रिस्ती दलित आजही बाहेरच आहेत. (अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही.) म्हणजे फायद्याच्या हिशेबाने पाहिले तर या माणसांनी तोट्याचा व्यवहार केला आणि तो निभावला. मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, जात पुरती गेली नाही, हे दुःखद सत्यही येथेच नोंदवले पाहिजे. पालट झाला, पण तो अपुरा झाला.

आता शहापूर-मुरबाडच्या पाड्यांकडे वळावे. कातकरी कुटुंब पावसाळा संपताच उचल घेऊन वीटभट्टीवर जाते, तेथे महिनोन्‌महिने राबते, आणि त्या उचलीत त्याचे स्वातंत्र्य गहाण पडते याची हळहळ फार थोड्यांना वाटते. मात्र त्याच कुटुंबातील कोणी प्रार्थनेला जाऊ लागला, की त्याच्या स्वातंत्र्याचे रक्षणकर्ते उभे राहतात. फसवणूक वा बळजबरी जेथे असेल तेथे ती शिक्षेस पात्रच आहे, याबद्दल दुमत असू नये. पण श्रीमंताने धर्म बदलला तर तो चिंतनाचा परिणाम आणि गरिबाने बदलला तर ती विक्री, या भेदामागे गरिबाला भूक असते, अंतःकरण नसते, असे गृहीतक दडलेले आहे आणि ते मिशनऱ्यांच्या कोणत्याही अतिशयोक्तीपेक्षा अधिक अपमानकारक आहे. पाड्यावरची स्त्री आपला नवरा दारू सोडून घरी येऊ लागला असे सांगत असेल, तर ते खरे की खोटे हे तिच्या घरात जाऊन, तिला विचारून ठरवता येते. मिशनच्या अहवालातून ते ठरत नाही आणि मिशनविरोधी पत्रकातूनही नाही.