व्हिटॅमिन डीचा आकडा लाल आला, म्हणजे पाकिटं सुरू करायची का?

फुल बॉडी चेकअपचा रिपोर्ट मोबाइलवर येतो. साखर ठीक, कोलेस्टेरॉल ठीक. आणि 'व्हिटॅमिन डी : २२' लाल अक्षरांत. फॅमिली ग्रुपवर टाकला की लगेच कुणीतरी सांगतं, आठवड्याला एक पाकीट दुधातून घे. पण २२ म्हणजे आजार का?

अनेक लॅब ३० नॅनोग्रॅमच्या खालचं सगळं 'अपुरं' धरतात. ही रेषा अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०११ मध्ये उचलून धरली. त्याच सुमारास तिथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचं म्हणणं होतं की, बहुतेकांच्या हाडांना २० पुरतात. जून २०२४ मध्ये तर सोसायटीने स्वतःच ३० चा आग्रह सोडला आणि निरोगी प्रौढांची ही तपासणी सरसकट करू नका, असं सांगितलं. चेकअप पॅकेजवाल्यांपर्यंत ही बातमी बहुधा पोहोचलेली नाही!

म्हणजे कमतरता हे थोतांड आहे का? अजिबात नाही. डी कमी पडलं की अन्नातलं कॅल्शियम शरीरात नीट शोषलं जात नाही. मुलांना मुडदूस होतो, मोठ्यांची हाडं मऊ पडतात. ऊन भरपूर असलेल्या देशातही हे होतं, कारण डी बनवणारे यूव्हीबी किरण काचेतून आत येत नाहीत. ऑफिसच्या खिडकीतलं ऊन इथे कामाचं नाही. आजीचं आवडतं कोवळं ऊनही फारसं नाही. सकाळी लवकर यूव्हीबी अगदी कमी असतात. सावळ्या त्वचेला तर उन्हात जास्त वेळ लागतो.

आता ते पाकीट. त्यात ६०,००० युनिट असतात. आयसीएमआर-एनआयएनच्या शिफारशीनुसार प्रौढांना रोज ६०० युनिट पुरतात. म्हणजे एका पाकिटात १०० दिवसांचा कोटा! खरी कमतरता असेल तर डॉक्टर ते मोजून, ठरावीक आठवडेच देतात. मात्र डी चरबीत साठतं, जास्तीचं सहज बाहेर पडत नाही. 'आठवड्याला एक'चं चुकून 'रोज एक' झालं आणि तसंच चालू राहिलं, तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान, आणि पुढे किडनीला इजा.

आणि कॅन्सर, हार्ट अटॅक टाळायला डी घ्यायचं? अमेरिकेत २५,८७१ जणांवर झालेल्या 'व्हायटल' चाचणीत रोज २,००० युनिट घेऊनही या आजारांचं प्रमाण कमी झालं नाही.

गरोदर महिला, लहान मुलं आणि ७५ च्या पुढच्यांसाठी पूरक डोसची शिफारस २०२४ मध्येही कायम आहे. हाडं दुखत असतील, जिना चढताना मांड्यांत ताकद वाटत नसेल, तर तपासणी जरूर करा. काहीच त्रास नसताना २२ आला असेल, तर पाकीट फोडण्याआधी डॉक्टरांना विचारा, मला याची गरज आहे का?